जर्नल घेऊन ये, ड्राफ्ट नको

प्रश्न एका तरुण सहायक प्राध्यापिकेचा आहे, थोडक्यात असा: "पुणे जिल्ह्यातल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात माझं हे तिसरं वर्ष. दोन डिव्हिजन मिळून १४० मुलं. सप्टेंबर लागला की बीईची, शेवटच्या वर्षाची, मुलं एलओआरसाठी, म्हणजे शिफारसपत्रासाठी, दारात उभी. 'मॅडम, ड्राफ्ट तयार आहे, लेटरहेडवर फक्त सही हवीय.' यांतल्या निम्म्यांची नावंसुद्धा मला आठवत नाहीत. एचओडी (विभागप्रमुख) म्हणतात, सही करून टाका, मुलांचं नुकसान कशाला? सध्या टेबलावर असे चार ड्राफ्ट पडलेत. काय करू?"

मॅडम, आधी माझी चूक सांगतो, म्हणजे मी कुठल्या उंचीवरून उपदेश करतोय असं वाटायला नको. मी ३१ वर्षं ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) शिकवलं आणि त्यातली पहिली दहा-बारा वर्षं डोळे मिटून सह्या केल्या. तेव्हा पत्र ऑनलाइन भरायचं पोर्टल नव्हतं. पत्र छापायचं, पाकिटात घालायचं, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही ठोकायची आणि वर विभागाचा शिक्का. एका डिसेंबरात मी अशी २३ पाकिटं मुलांच्या हातात दिली. जानेवारीत अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयातून ईमेल आली, अगदी सौजन्याने लिहिलेली. तुमच्या सहीची दोन पत्रं आमच्याकडे एकाच विभागात आली आहेत, दोन्ही तुम्हीच लिहिलीत याला दुजोरा द्याल का? सोबत दोन्हींच्या स्कॅन केलेल्या प्रती. नाव आणि रोल नंबर सोडला तर शब्द न् शब्द सारखा. त्यातलं एक पत्र मुलीचं होतं आणि तिसऱ्या परिच्छेदात ती 'शी'ची 'ही', म्हणजे इंग्रजीतला 'तो', झाली होती. दोघांपैकी कोणी तरी मित्राचा ड्राफ्ट उचलला होता आणि मी न वाचता सही केली होती. प्रवेश दोघांनाही मिळाला नाही. पत्रामुळेच गेला की नाही हे कळायला मार्ग नाही, पण मी स्वतःला संशयाचा फायदा दिलेला नाही.

आपल्याकडे हे इतकं सहज का होतं याचा नंतर बराच विचार केला. मला वाटतं, आपल्या मनात शिफारसपत्र म्हणजे दाखला असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक: चांगली' लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्या क्लार्कने आपल्याला कधी पाहिलेलं नसतं आणि त्यात कोणाला काही वावगंही वाटत नाही. नगरसेवक किंवा सरपंच 'सदर इसमास मी व्यक्तिशः ओळखतो' यावर दिवसाला पन्नास सह्या करतात. स्वसाक्षांकन येण्याआधी मार्कशीटच्या झेरॉक्सवर 'खरी प्रत' म्हणून सही घ्यायला आपण कोण्या अनोळखी गॅझेटेड ऑफिसरच्या दारात ताटकळलो आहोत. तिथे सही माणसाची नसते, खुर्चीची असते. मूल आपल्याकडे येतं ते त्याच हिशेबाने. त्याच्या लेखी आपण एक शिक्का आहोत. त्याचा राग धरू नका. पलीकडे वाचणारा मात्र दाखला मागत नसतो, साक्ष मागत असतो. तुम्ही काय पाहिलं, कुठे उभं राहून पाहिलं, एवढंच त्याला हवं असतं. आणि न पाहिलेल्याची साक्ष देणाऱ्याला कोर्टात काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

वाचणाऱ्याची बाजू थोडी उलगडतो. पीएचडीच्या निवड समितीत मी काही वर्षं बसलो आहे, भारतातल्याच एका संस्थेत. दुपारी चारपर्यंत साठ फायली डोळ्यांखालून जातात. 'मेहनती, प्रामाणिक, आज्ञाधारक, माझ्या पाहण्यातल्या उत्कृष्ट विद्यार्थ्यांपैकी एक' अशा पत्राला तिथे कोणी शिव्या देत नाही. ते फक्त उलटलं जातं. अमेरिकेतल्या प्राध्यापक मंडळींत अशा पत्राला एक नावच आहे, 'डिड वेल इन क्लास', आणि त्याची आद्याक्षरं करून ते डीडब्ल्यूआयसी म्हणतात. मुलाला तुमच्या विषयात ए ग्रेड आहे हे ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) दिसतंच आहे. तेच तुम्ही पानभर सांगितलंत तर त्याच्या तीनपैकी एक पत्र फुकट गेलं. तीनही पत्रं मुलानेच लिहिलेली असतील तर तेही लगेच दिसतं. तीन वेगवेगळे प्राध्यापक एकाच जागी स्वल्पविराम चुकवत नाहीत. हल्ली चॅटजीपीटीमुळे स्वल्पविराम बरोबर येतात, पण तिघंही एकाच गुळगुळीत आवाजात बोलतात, म्हणजे फरक काहीच पडला नाही.

यात एक गंमत आहे. अमेरिकन अर्जात मुलाला विचारतात की हे पत्र पुढे पाहायचा हक्क तू सोडतोस का. १९७४ च्या तिथल्या एका कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क आहे, तो लेखी सोडता येतो, आणि बहुतेक जण सोडतात, कारण पत्र गुप्त असेल तर वाचणारा ते जास्त खरं धरतो. आपला विद्यार्थी 'मी हे पत्र कधीही पाहणार नाही' या चौकटीत टिक करतो आणि त्याच पत्राची वर्ड फाइल त्याच्या डेस्कटॉपवर असते.

आता तुमचा खरा प्रश्न. ओळखत नाही, तर लिहायचं काय?

१४० मुलांना ओळखणं शक्य नाही, ते मनातून काढून टाका. आपल्या टीजी (टीचर गार्डियन) स्कीममध्ये वीस मुलं एकेका शिक्षकाच्या गळ्यात असतात, त्यांच्याही फाइलमध्ये हजेरी आणि पालकांचा मोबाइल नंबर यापलीकडे फारसं काही नसतं. पण ओळखत नाही म्हणजे आजपर्यंत ओळखत नाही. मी पुढे एक नियम केला आणि निवृत्त होईपर्यंत पाळला. मूल आलं की सांगायचं, ड्राफ्ट नको, जर्नल घेऊन ये. माझ्या विषयाचं जर्नल म्हणजे प्रयोगवही, प्रोजेक्ट किंवा सेमिनारचा रिपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट, एसओपीचा (अर्जातल्या स्वतःबद्दलच्या निबंधाचा) कच्चा खर्डा. आणि पाऊण तास मोकळा ठेव. यातच काही जण गळतात. ज्यांना शिक्काच हवा होता ते दुसऱ्या केबिनकडे वळतात. वळू द्या.

जर्नल का, ते एका उदाहरणाने सांगतो. परभणीकडची एक मुलगी होती. मी तिला सेकंड इयरला एक सेमिस्टर शिकवलं होतं. वर्गात तोंड उघडलेलं आठवत नव्हतं. बीईला असताना पत्रासाठी आली, दारातच चपला काढून उभी. मी नेहमीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तपकिरी कव्हर घातलेलं जर्नल घेऊन आली. मी सहज पानं उलटत होतो. सीई अँप्लिफायरचा, म्हणजे ट्रान्झिस्टरने सिग्नल मोठा करायचा, प्रयोग. तुम्हीही घेत असाल. त्या बॅचमध्ये सगळ्यांच्या जर्नलात गेन (सिग्नल किती पट मोठा झाला तो आकडा) ऐंशीच्या आसपास असायचा, कारण मागच्या वर्षीच्या जर्नलावरून रीडिंग उतरवायची परंपरा होती आणि ती आम्हाला माहीत होती. हिच्या जर्नलात गेन ८.१. आलेख काढलेला, आणि खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात तीन ओळी. आलेखाचा आकार पुस्तकातल्यासारखाच आहे, पण सगळीकडे बरोबर २० डीबीने, म्हणजे दहापटीने, खाली आहे. सर्किटमध्ये चूक असती तर आकार बिघडला असता, म्हणून चूक मोजण्यात असावी. पुढच्या टर्नला पाहिलं, आउटपुट मोजायच्या प्रोबचं बटण १०एक्सवर, म्हणजे सिग्नल दहाने भागणाऱ्या जागी, होतं.

त्या पानावर माझी लाल सही होती. 'तपासले'. तारीख दीड वर्षापूर्वीची. मी ते पान तपासलं होतं म्हणजे सही केली होती, वाचलं नव्हतं.

मी तिला विचारलं, तुझ्या ग्रुपमधल्या बाकी तिघांनी ब्याऐंशी लिहिलं, तू का नाही लिहिलंस? म्हणाली, "सर, आलं नव्हतं ना." एवढंच उत्तर. मग प्रोजेक्टबद्दल विचारलं, आणि कुठे अडलं, काय टाकून दिलं, हे ती वीस-पंचवीस मिनिटं सलग बोलली. मध्ये मराठीतून इंग्रजीत, परत मराठीत. तुम्हीही मुलांना याच भाषेत बोलू द्या, इंग्रजीची परीक्षा घ्यायला टोफेल बसलेली आहे. त्या पाऊण तासानंतर मी जे पत्र लिहिलं त्याचा अर्धा भाग तो प्रोब होता. सुरुवातीलाच लिहिलं की या विद्यार्थिनीला मी एक सेमिस्टर, ७२ च्या वर्गात शिकवलं आहे आणि वर्गातलं तिचं काही मला आठवत नाही. मात्र तिच्या प्रयोगवहीतलं एक पान मला सांगावंसं वाटतं. मग ते पान. मग त्या दिवशीच्या बोलण्यात प्रोजेक्टबद्दल जे कळलं ते, 'हे मी तिच्या तोंडून ऐकलं आहे, स्वतः पाहिलेलं नाही' असं सांगून. दीड पानाच्या आतच संपलं.

'फारसं ओळखत नाही' हे वाक्य पत्रात घालायला लोक घाबरतात. माझा अनुभव उलटा आहे. पत्राच्या वरच्या भागात तुम्ही स्वतःची मर्यादा सांगितलीत की खालचं वाचणारा विश्वासाने वाचतो. ऑनलाइन फॉर्मवर तर त्यासाठी जागाच ठेवलेली असते. बुद्धिमत्ता, लेखन, स्वतंत्र काम, स्वभाव अशा ओळी असतात आणि पुढे वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत, २५ टक्क्यांत असे रकाने. शेवटी एक रकाना बहुतेक फॉर्मवर असतो, 'मत देण्याइतकी माहिती नाही' अशा अर्थाचा. आपल्याकडे त्याला कोणी हात लावत नाही, सरसकट वरच्या ५ टक्क्यांत टिक. वर्गात ३१ वा आलेला मुलगा सगळ्याच गुणांत वरच्या ५ टक्क्यांत? ट्रान्सक्रिप्ट त्याच फायलीत शेजारीच असतं हो. तीन ओळींत 'माहिती नाही' आणि एका ओळीत 'वरचे ५ टक्के' असं भरून पाहा. त्या एका खुणेला वजन येतं.

थोड्या ओळखीवर नेमकं लिहिलेल्या पत्राचं एक जुनं उदाहरण मद्रासचं आहे. १९१२ साली रामानुजन यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला, त्याला प्रेसिडेन्सी कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचं शिफारसपत्र जोडलेलं होतं. रामानुजन कुंभकोणम आणि पचय्यप्पा कॉलेजचे, म्हणजे मिडलमास्टांच्या कॉलेजचे विद्यार्थीही नव्हते आणि हातात पदवी नव्हती. पत्र दोन-तीन वाक्यांचं आहे. गणितात, विशेषतः संख्यांच्या कामात, या तरुणाची कुवत फार असाधारण आहे, आकडेमोडीत त्याचा हात जलद चालतो. चारित्र्य, घराणं, आज्ञाधारकपणा, काही नाही. जागा हिशेबाच्या कारकुनाची, म्हणून आकडेमोडीचं सांगितलं. रामानुजन यांना नोकरी लागली, महिना ३० रुपये.

दरवर्षी कोणी ना कोणी मला जॉन नॅश या गणितज्ञाबद्दलचं पत्र पाठवतं. १९४८ मध्ये कार्नेगी टेकच्या रिचर्ड डफिन यांनी प्रिन्स्टनला लिहिलेलं, जेमतेम काही ओळींचं, शेवटचं वाक्य 'तो गणितातला जीनियस आहे'. सोबत प्रश्न, सर, मग एवढंच लिहिलं तर? डफिन नॅशला चांगले ओळखत होते आणि प्रिन्स्टनवाले डफिनना. ओळख नसताना लिहिलेलं आखूड पत्र नुसतंच आखूड असतं.

शब्दांबद्दल दोन गोष्टी. 'आज्ञाधारक' हा शब्द कायमचा विसरा. आपल्याकडे ते कौतुक आहे, संशोधन करायला निघालेल्या मुलाबद्दल तो शब्द वाचणारा कपाळाला आठ्या घालतो. दुसरं मुलींबद्दल. अमेरिकेतल्या एका मेडिकल स्कूलमधल्या ३०० हून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीने आखूड होती, त्यांत शंका पेरणारी वाक्यं जास्त होती आणि मेहनतीचं कौतुक जास्त. ते वाचून मी माझी जुनी पत्रं काढली. मुलगे 'हुशार', मुली 'कष्टाळू आणि नीटनेटक्या'. प्रोबवाल्या मुलीबद्दलही माझा पहिला खर्डा 'अत्यंत सिन्सिअर' असाच सुरू होत होता.

नाही म्हणायचं कधी? जर्नल पाहून, पाऊण तास बोलूनही हाताला काही लागलं नाही तर. असं होतं, त्यात मुलाचा दोष असतोच असं नाही. माझं वाक्य ठरलेलं होतं: "बाळा, मी लिहिलं तर पत्र पातळ होईल आणि पातळ पत्र तुला नडेल. तुझा प्रोजेक्ट गाइड कोण?" बहुतेक वेळा खरी ओळख असलेला माणूस दुसऱ्याच केबिनमध्ये असतो. रोबोकॉन या रोबोंच्या स्पर्धेच्या टीमबरोबर रात्री जागणारा लॅबचा तरुण शिक्षक, इंटर्नशिपमधला इंजिनिअर. मुलं मात्र पदाच्या मागे लागतात, एचओडी हवेत, प्रिन्सिपॉल हवेत. एचओडींनी त्या मुलाला पाहिलेलं असतं ते कमी हजेरीच्या डिफॉल्टर लिस्टवर सही करताना. त्यांच्यापेक्षा तुमचं, असिस्टंट प्रोफेसरचं, पाहून लिहिलेलं पत्र कितीतरी भारी पडतं हे मुलांना समजावून सांगा.

आणि सगळ्याच पत्रांना सारखा जीव लावू नका. पीएचडीसाठी, स्कॉलरशिपसाठी, इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समर फेलोशिपसाठी पत्राला खरी किंमत आहे, तिथे दोन संध्याकाळी द्या. कोर्सवर्कच्या एमएसला बऱ्याच ठिकाणी पत्र ही फाइल पूर्ण झाल्याची खूण असते. जर्मनीतले कितीतरी मास्टर्स कोर्स पत्र मागतच नाहीत. मुलाने परदेशी प्रवेशाच्या कन्सल्टन्सीने दिलेल्या यादीवरून तीन पत्रं मागितलेली असतात, तेव्हा त्याला कोर्सचं पान उघडून दाखवायला लावा.

हिशेबही आधीच करा. पंधरा मुलं, प्रत्येकी आठ विद्यापीठं, म्हणजे १२० पोर्टल. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा. बऱ्याच अमेरिकन तारखा १ डिसेंबर, १५ डिसेंबर अशा, आणि आपल्याकडे नेमके तेव्हाच ओरल-प्रॅक्टिकल आणि एक्स्टर्नल परीक्षकाची बडदास्त. मी एका मुलाला सहा विद्यापीठांची मर्यादा घातली होती आणि यादी दसऱ्यापर्यंत मागायचो. दसऱ्याची तारीख हलते म्हणून मुलं वाद घालायची, पण तो दिवस कोणी विसरत नाही. पत्र भरायची लिंक कॉलेजच्याच ईमेलवर घ्या, जीमेलवर नको, आणि ती ईमेल स्पॅममध्ये पडते म्हणून आठवड्यातून एकदा तिथे डोकवा. पासवर्ड मुलाच्या हाती देऊन "तूच भर" म्हणणारे सहकारी तुम्हालाही माहीत असतील. शिक्षकाच्या नावाने मुलाने परस्पर जीमेल खातं उघडल्याचंही मी पाहिलं आहे. शिक्षकाला हे चार वर्षांनी कळलं, एका लग्नात.

एचओडी 'नुकसान' म्हणतात, त्यांचंही ऐकून घ्या. त्यांना पालकांचे फोन येतात. त्यांना विरोध करण्यापेक्षा जुलैत विभागाच्या बैठकीत एक कागद ठेवा: पत्रासाठी जर्नल आणि मुलाखत, यादी दसऱ्याला. विभागाचा नियम झाला की तुम्ही एकट्या खडूस ठरत नाही. आणि तोच कागद वर्गात वाचून दाखवा, कारण पत्र मागायला येणारी मुलं ही मागता येणारी मुलं असतात. ज्यांच्या घरात आधी कोणी परदेशी गेलं आहे, ज्यांना कन्सल्टन्सीची फी परवडते, ती सप्टेंबरात दारात असतात. चपला काढून उभी राहणारी मुलगी डिसेंबरात येते, तेव्हा तारखा गेलेल्या असतात. माझ्याकडे ती वेळेत आली कारण हॉस्टेलमधल्या रूममेटने हाताला धरून आणलं. ती रूममेट बाहेर कॉरिडॉरमध्ये थांबली होती.

तुमच्या टेबलावरचे चार ड्राफ्ट न वाचता परत द्या. वाचलेत तर त्यातली विशेषणं नकळत तुमच्या पत्रात उतरतील, माझ्या उतरली आहेत. चौघांना एकेकटं बोलवा, एकत्र नको, एकत्र आले की एकच बोलतो. लॅब असिस्टंटला सांगून त्यांची सेकंड इयरची जर्नलं मिळतात का पाहा. बऱ्याच ठिकाणी ती स्टोअरच्या कपाटात पडलेली असतात, नॅकच्या मूल्यांकनासाठी जपून ठेवलेली. आणि हे या आठवड्यात करा. पुढचा आठवडा सबमिशनचा असेल, तेव्हा कपाटाची किल्ली सापडत नाही.